पेशीच्या कडेचं प्रथिन

मंगळवारी सकाळी दादांनी मुलीच्या प्रयोगशाळेत फोन केला. "वैजू, माझा उंदीर जेवला का?"

"जेवला. तुमच्यासारखी कुरकुर न करता," वैजयंती म्हणाली. दादा खुशीत हसले.

त्यांच्या परावटू ग्रंथीच्या पेशी त्या उंदरात वाढवल्या होत्या. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारी ही ग्रंथी दादांच्या दोन दिवस आधी उंदरात बिघडे, म्हणून उपचाराला वेळ मिळे. घरच्या माणसाच्या पेशींची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली दुसऱ्याने तपासायची, असा नियम होता. वैजयंतीने तो कधी पाळला नाही. दुसऱ्या कुणाच्या नजरेवर तिचा भरवसा नव्हता.

त्या दिवशी एरवी पेशींच्या कडेला असणारं प्रथिन आतमध्ये विखुरलेलं दिसलं; ग्रंथी बिघडू लागल्याची ही खूण होती.

"दुसरी काचपट्टी करू का?" सहकारी म्हसकरांनी विचारलं.

"नको. रंग नीट चढलेला नाही, म्हणून तसं दिसतंय," ती म्हणाली आणि तसंच तिने नोंदवलं.

गुरुवारी रक्तातलं कॅल्शियम ढळून दादांचं हृदय थांबलं.

तेराव्याला आई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तुझ्या हातात असतं, तर तू ह्यांना असं जाऊ दिलं नसतंस."

वैजयंतीला तो हात सहन होईना.

"आई, माझ्या हातातच होतं. मला मंगळवारीच दिसलं होतं. पुन्हा बघायची हिंमत झाली नाही, म्हणून मी खोटं लिहिलं."