तांदळाच्या डब्यातली भुताळी

आखातातल्या वादी कबीर वस्तीतल्या फ्लॅटमध्ये विशाखानं शाळेसाठी एका दोनशे वर्षं जुन्या युरोपीय चित्राची नक्कल करून भिंतीला लावली: बोकडाभोवती जमलेल्या म्हाताऱ्या चेटकिणी. कामावरून आलेला भिकाजी दारातच भडकला. "यल्ला, बेगीन काढ ता भित्तीवरसून!" "बाबा, पेंटर विचेसना नाही, त्यांना घाबरणाऱ्या लोकांना हसतोय," ती अडखळत म्हणाली. "हसता? तुझ्या आवशीची आवस तसलीच भुताळी, गावाक इचार!" स्वयंपाकघरात जयवंतीचं लाटणं थांबलं. लग्नापासून ती आईबद्दलचा हा शब्द गिळत आली होती. तिनं तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, नवऱ्याच्या भीतीनं तिथं लपवलेला आईचा फोटो काढला, गाऊनला पुसला आणि चेटकिणींच्या मधोमध कणकेनं चिकटवला. फोटोतली म्हातारी थेट भिकाजीकडं बघत होती. तो मागे सरला, दाराला टेकला. "चित्रात भिणारो माणूस घालूचो ऱ्हवलो गो," जयवंती लेकीला म्हणाली. "बापाशीक रंगव."