शेवटची चौदा पानं

"सर, शेवंताला तुम्ही घरी का न्हाई आणलं?" अक्षतानं विचारलं आणि पुंजाराम गुरुजींच्या हातातली कपबशी तशीच थांबली.

असं काही विचारायला कोणी आलं, त्याला अकरा वर्षं झाली होती.

गुरुजी जाफराबादला एकटेच राहत. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा पुण्याला, सणावाराला फोन करायचा. शाळा सुटली तशी माणसंही सुटली. ओळख उरली ती एका कादंबरीची, वेड्यांच्या इस्पितळात मरणाऱ्या शेवंताची. शेवटची चौदा पानं तिचा भाऊ तिच्या प्रेताजवळ बसून रडतो. ती पानं वाचून लोक गुरुजींना पत्रं लिहायचे. मग पत्रंही थांबली.

म्हणून परवा या मुलीचा फोन आला, "तुमच्या पुस्तकाबद्दल बोलायचंय," तेव्हा त्यांनी कारणसुद्धा विचारलं नाही. पीएचडी करत असेल असं धरून सकाळीच घर झाडलं, धुतलेली चादर टाकली, पोहे केले.

"आणली असती तर कादंबरी कुठं उरली असती?" ते हसून म्हणाले. "वाचणाऱ्याला खरं वाटायला पाह्यजे."

"या विषयावरची पुस्तकं मी बरीच वाचली," अक्षता म्हणाली. "सगळीकडं गज, साखळ्या, किंचाळ्या. तुमच्या पुस्तकात बायका ऊन खात बसतात, एकमेकींच्या वेण्या घालतात. ते बराबर आहे. पण शेवट सगळ्यांचा सारखाच. तिथं गेलेली बाई मरते, न्हाई तर आणखी बिघडते. बरी कोणीच होत न्हाई."

"बरी झालेल्या बाईची काय गोष्ट सांगणार?"

अक्षतानं मान हलवली. वही उघडी होती, पण तिनं काही लिहून घेतलं नाही.

"शेवंता म्हणजे तुमची बहीण ना?"

"बेबीनंदा." नाव तोंडातून निघायला वेळ लागला. "बाळंतपणात पोर गेलं, मंग ती बोलेनाशीच झाली. नवऱ्यानं आमच्याकडं आणून सोडली. माझं लग्न ठरलेलं. मीच इस्पितळात पोचवून आल्तो, एसटीनं. जालन्याला गाडी बदलली तर तिला केळी घेऊन दिली. तिनं अर्धं केळ माझ्या हातात दिलं."

"मंग?"

"मंग काय. गेली."

त्या वेळी गावात तिच्या मागं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला होता. भन्ते आले होते. फोटोला हार गुरुजींनीच घातला, असं जुनी माणसं अजून सांगत. पुढच्या वर्षी कादंबरी आली.

"डाव्या हातानं वेणी घालायच्या ना त्या?"

"हां, डावरीच होती." गुरुजींना बरं वाटलं. इतक्या बारकाईनं वाचणारं कोणी भेटलं नव्हतं. हे आपण कोणत्या पानावर लिहिलं, ते मात्र त्यांना आठवेना.

ती उठेल म्हणून त्यांनी घाईनं आणखी पोहे वाढले. "पुढच्या महिन्यात परत ये, बेटा. जेवायलाच ये. घरात दुसऱ्या माणसाचा आवाज ऐकून लई दिवस झाले."

अक्षतानं वही मिटली.

"सर, रजिस्टरात तुमच्या नावापुढं पत्ता शहागडचा लिहिला होता. मी दोनदा जाऊन आले. तिथं तुम्हाला कोणीच ओळखत न्हाई. मंग पुस्तकाच्या मागं तुमचं गाव सापडलं."

"कोणत्या रजिस्टरात?"

"दवाखान्याच्या. मी तिथंच नोकरीला आहे."

बाहेर रस्त्यावरून एक जीप जाफराबाद-भोकरदन ओरडत गेली. गुरुजींनी बशीतला चहा प्यायचा प्रयत्न केला. तो केव्हाच संपला होता.

"पुस्तक मी वॉर्डातल्या एका बाईला वाचायला दिलं," अक्षता हळू आवाजात म्हणाली. "तीन दिवस वाचत होत्या. वाचून झाल्यावर म्हणल्या, दादाला एवढंच विचार, मी मेले तवा तू खरंच इतका रडला का?"