कुंकवाचं बोट

लेकीचं कुंकवाचं बोट पोंक्षेकाकूंच्या कपाळाऐवजी भुवईवर टेकलं, तशी विनया रुमाल घेऊन धावली. लेकीचा हात हवा तिथे जात नसे, म्हणून थेरपीच्या मॅडमनी हाच सराव रोज करायला सांगितला होता. घरी आईच्या कपाळावर हमखास जमायचं. हळदीकुंकवात मात्र विनयाचा जीव थाऱ्यावर नव्हता.

काकूंनी तिला नजरेनेच अडवलं. लेकीने डावा तळवा काकूंच्या गालावर टेकवला, श्वास धरला आणि पुन्हा बोट नेलं. कुंकू मधोमध लागलं.

मग आईची पाळी. बोट जवळ येताच विनयाने सवयीने कपाळ वर आणलं आणि कुंकू नाकावर गेलं.

"आई, तू हलू नकोस. घरीपण कपाळ तूच बोटाशी आणतेस, मला कळतं."

विनयाने हात मांडीखाली दाबून धरले. तिच्या गालावर छोटा तळवा टेकला.