कातडीच्या आत

केमिकल कंपनीतली पहिली शिफ्ट संपवून प्रविण खांब गावातल्या घरी आला तेव्हा त्याची बहीण ऋतुजा पडवीत बसून परीक्षेचा अभ्यास करत होती. औषध कातडीतून रक्तात कसं उतरतं, तो धडा. फार्मसीचं तिचं शेवटचं वर्ष.

प्रविणच्या पँटला उग्र वास येत होता.

"पाइप सुटला. मांडीवर उडाला माल," तो म्हणाला. "आग नाय, फोड नाय. डोकं तेवढं दुखतंय."

तिने वर पाहिलं. त्याचे ओठ जांभळे झाले होते. नखंही.

"पँट काढ. आधी पँट काढ!"

"अगो, आये समोर हाय..."

तिने त्याला न्हाणीत ढकललं, साबण लावून बादल्यांवर बादल्या ओतल्या. मांडीवर खरंच काही नव्हतं. भाजलं असतं तर त्याने तिथे धाटावच्या कंपनीतच कपडे उतरवले असते. पण तो तसाच भिजल्या पँटीत शिफ्ट संपेपर्यंत राबला होता, तसाच बसमध्ये बसून आला होता. आणि तेवढा वेळ ते आत झिरपत होतं.

"कशाचा माल होता?"

"निळ्या ड्रममधला. आमाला कोण नाव सांगतो?" मग त्याने तिचा हात धरला. "दवाखान्यात कंपनीचं काढू नको हां ऋतू. औंदा पर्मनंट करणारेत."

शेजाऱ्याच्या रिक्षातून त्याला रोह्याला नेलं. डॉक्टरांनी रक्त काढलं. सिरिंजमध्ये ते काळपट तपकिरी आलं.

"अंगावर काय सांडलं?"

प्रविणने ऋतुजाकडे पाहिलं. ऋतुजाने कंपनीचं नाव सांगितलं. प्रविणने तोंड भिंतीकडे फिरवलं.

डॉक्टरांनी कंपनीत फोन लावला. साहेब आले की कळवतो, असं उत्तर आलं. उताऱ्याचं इंजेक्शन रोह्यात नव्हतं. अलिबागला मिळेल म्हणाले.

अलिबागच्या वाटेवर वडखळला गाड्या तुंबल्या होत्या. ॲम्ब्युलन्सचा भोंगा नुसताच वाजत होता. प्रविणच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, छाती वरखाली होत होती. ओठ मात्र राखेसारखे झाले होते. छातीत पोचलेली हवा पुढे उचलून नेणारं रक्तच त्याच्यात उरत नव्हतं. ऋतुजाला ते समजत होतं.

सगुणाबाई लेकाचे तळवे चोळत होती.

"श्वास चाललाय गो त्याचा," ती म्हणाली. "हवा जातेय ना आत?"

"व्हय आये," ऋतुजा म्हणाली. "जातेय."