जांभळा रंग

"आमच्या झाडपाल्याला तुझ्या बाटलीचं सर्टिफिकेट कशाला?" म्हणून माझ्या लॅबची टर उडवणारे माझे वैद्य बाबा हल्ली दर सोमवारी स्वतः खुडलेल्या पाल्याची पुडी माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवायला लागले होते. चाचणी सोपी. जांभळ्या द्रावणात पाल्याचा अर्क घालायचा. अँटिऑक्सिडंट भरपूर असले, तर जांभळा रंग जाऊन पिवळा येतो. बाबांच्या पाल्याने दर वेळी पिवळा आणला. या सोमवारी मात्र जांभळा हटेना. तीनदा करून पाहिलं. मग पुडीतली पानं निरखली. ती शेजारच्या झुडपाची होती, दिसायला अगदी तशीच.

घरी येताना वाटभर "पिवळा झाला, बाबा" असं म्हणायची तालीम केली. ते दारातच उभे होते.

"रंग गेला?"

त्यांच्या तोंडाकडे बघून खोटं बोलवेना. "नाही गेला, बाबा. पानं दुसऱ्याच झुडपाची होती."

बाबा हळूच खुर्चीत टेकले.

"बरं झालं, रोग्यांच्या आधी तुला कळलं. बाकी सगळे माझं मन राखतात गं. म्हणून तुझ्याकडे डोळे तपासून घेत होतो."