पूस

"पूस," प्रभाकर मास्तर म्हणाले.

कमळीनं पाटी छातीशी धरली. "का पण? चांगलं झालंय."

"कान किती काढलेस?"

"दोन."

"तू समोरच्या मुलीकडे कडेनं बघते आहेस. किती दिसतात?"

"एक. पण तिला दोन आहेत, मास्तर. मी मोजलेत."

"ठाऊक आहे ते काढायचं नाही. दिसतं ते काढायचं. पूस."

पाटीला थुंकी लावली की सरस्वती कोपते, हे कमळीला ठाऊक होतं. पण पाण्याचा तांब्या लांब होता. तिनं बोट ओलं केलं आणि एक कान पुसून टाकला.

अठराशे अठ्ठ्याऐंशी साल. ठाण्याच्या तलावापाशी एका पडवीत भरणाऱ्या त्या मुलींच्या शाळेत रोज दुपारी चित्रकलेचा तास होई, आणि 'पूस' हा शब्द त्या तासाला सगळ्यांत जास्त ऐकू येई. मास्तर मुंबईहून दोन वर्षं चित्रकला शिकून आलेले. तिथल्या साहेबानं शिकवलं ते एवढंच: एक डोळा मिटायचा, हात लांब करून पेन्सिल उभी धरायची, अंगठ्यानं माप घ्यायचं, आणि दिसेल तेवढंच उतरवायचं. 'पूस'ची भर मास्तरांची स्वतःची. विलायती तक्त्यावरची फुलदाणी ही दोन कानांची घागरच आहे असं ठरवून मुलींनी तिच्याखाली चुंबळ काढली होती, तेव्हाही ते हसले नव्हते. "चुंबळ दिसते का? पूस."

आज मात्र जपून बोलायचं असं त्यांनी ठरवलं होतं. तीन महिन्यांनी मालन शाळेत आली होती. वय वर्षं नऊ. आषाढात तिचा नवरा पटकीनं गेला. तो तेरा वर्षांचा होता. तिनं त्याला लग्नात पाहिलं तेवढंच. तिचे आजोबा धोंडोपंत तिला स्वतः घेऊन आले होते आणि पडवीच्या पायरीवर काठी टेकून बसले होते. त्यांची अट एकच होती.

"शिकू दे पोरीला. पण मास्तर, झाल्या गोष्टीवरून इथं तिच्यापुढे एक शब्द जरी निघाला, तर उद्यापासून ती घरी."

मास्तरांनी आदल्या दिवशीच मुलींना दम भरला होता, आणि मुलींनी तो पाळला. मालन आत आली तशी आवडी बाजूला सरकली, "तुझी पेन्सिल तुटकी आहे, माझी घे," म्हणाली, आणि झालं.

आज जोडीजोडीनं एकमेकींचे चेहरे काढायचे होते. मास्तर रांगेतून फिरत आवडीपाशी आले. तिच्यासमोर कोण बसलं आहे हे त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी पाटी पाहिली. चेहरा चांगला उतरला होता. नाक जरा लांब. डोळे बरे. कपाळाच्या मधोमध एक टपोरा ठिपका, पेन्सिल दाबून दाबून गोल फिरवलेला.

मास्तरांनी एक डोळा मिटला, पेन्सिल उभी धरली आणि समोरच्या कपाळाचं माप घेतलं. ते मोकळं होतं.

"हे कुंकू कुठं दिसलं तुला?" ते म्हणाले. "पूस."

शब्द निघून गेला, आणि मग त्यांनी दुसरा डोळा उघडला.

पाट्यांवरची करकर थांबली. पायरीवर काठी वाजली.

आवडीनं पाटी पाठीमागे नेली. "मी नाही पुसणार. तिला असतं. नेहमी असतं."

मालननं हात पुढे केला.

"दे इकडे," ती म्हणाली. "मला येतं."

तिनं बोट ओलं केलं आणि तेवढा ठिपका पुसला, भुवईला धक्का न लावता. अलीकडेच कुणीतरी नीट शिकवलं असावं, अशा सफाईनं.

धोंडोपंत आत येऊन उभे राहिले होते. त्यांनी वाकून पाटी उचलली.

"ही कोण?"

"मालन," आवडी म्हणाली.

ओली पाटी काळीभोर दिसते. काय पुसलं गेलं आणि काय राहिलं, ते वाळल्यावर कळतं. धोंडोपंतांच्या हातात ती कडेकडेनं वाळत गेली, आणि कपाळाच्या मधोमध तो ठिपका हळूहळू परत आला. आवडीनं फार दाबून काढला होता.

मालन टाचा उंचावून बघत होती. "गेला नाही," ती म्हणाली, आणि तिनं पुन्हा बोट ओलं केलं.

धोंडोपंतांनी पाटी तिच्या हाताला लागणार नाही इतकी वर धरली.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमचं शास्त्र काय सांगतं? बरोबर आहे हे?"

मास्तरांनी हात लांब केला. पेन्सिल उभी धरली. सवयीप्रमाणे एक डोळा मिटला. मग दुसराही मिटला.

"बरोबर आहे."

धोंडोपंतांनी पाटी आवडीच्या मांडीवर ठेवली.

"नाक लांब झालंय," ते म्हणाले. "उद्या तिला समोर बसवून नीट काढ."