टीचरची चूक

२०१४ सालचा मार्गळी, डिसेंबरच्या मध्याला लागणारा तमिळ महिना. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत पहाटे पाचलाच बायका आपापल्या दारात कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची ठिपक्यांची रांगोळी, घालायला बसत, आणि त्या वर्षी त्यांच्यात एक परदेशी मुलगीही असे. हरिता तिचं नाव. घराणं मराठी, पण चार पिढ्या मॉरिशसमध्ये गेलेल्या. शिक्षिका व्हायचं म्हणून शिकत होती आणि सरावासाठी तीन महिने इथल्या मुलींच्या शाळेत सहावीला गणित शिकवत होती. राहायला राजलक्ष्मीबाईंच्या माडीवर.

बाईंनी स्वतः अडतीस वर्षं गणित शिकवलेलं. पोरीचं त्यांना फार कौतुक. पानावरचं रसम ओघळू न देता जेवायला ती आठ दिवसांत शिकली, भाजीवालीशी तमिळमध्ये घासाघीस करू लागली, एकटी तिरुवैयारूला जाऊन कावेरीत पाय सोडून बसून आली. एकच गोष्ट तिला सलत होती. शेजारची नित्या तिच्याच वर्गात होती. वहीत एक गणित चुकायचं नाही, पण वर्गात तोंड उघडायची नाही. आपण जानेवारीअखेर जाणार, त्याआधी ही मुलगी एकदा तरी बोलली पाहिजे, असं हरिताने मनावर घेतलं होतं. काही मुलं अशीच असतात, सोडून दे, असं बाईंनी तिला समजावलं. तिने सोडलं नाही. मार्गळी लागल्यापासून ती रोज पहाटे नित्याकडे कोलम शिकू लागली. शिकवताना तरी बोलेल, हा डाव. नाताळची सुट्टी लागली तरी डाव साधला नव्हता. नित्या हाताने दाखवी. रेघ चुकली की बोटाने पुसून नीट करी. शब्द नाही.

सुट्टीच्या पाचव्या दिवशी बाईंनी पहाटे दार उघडलं आणि त्या उंबऱ्यातच थांबल्या.

दारात ठिपक्यांच्या पंधरा ओळींचा कोलम होता. एकच रेघ सगळ्या ठिपक्यांना वळसे घालून पुन्हा सुरुवातीला येऊन मिळालेली, मधोमध शेणाच्या गोळ्यात खोवलेलं भोपळ्याचं फूल. हरिता पिठाच्या हातांनी बाजूला उभी. मागे नित्या, वाडगा धरून.

"आजी, तुमचे गुडघे दुखतात ना? म्हणून आज मी घातला."

रेघ कुठे तुटलेली नव्हती. बाईंनी आधी तेच पाहिलं. मग जे सांगणं भाग होतं ते सांगितलं. आज त्यांच्या यजमानांचं श्राद्ध. अशा दिवशी दारात कोलम घालत नाहीत. ब्राह्मण जेवून गेले की मगच घालतात. दार मोकळं दिसलं की गल्लीला कळतं, म्हणून कुणी कुणाला सांगायला जात नाही. नऊला दीर येतील, वरुणराव. श्राद्ध तेच करणार, आणि दारात कोलम दिसला तर तिथूनच माघारी वळतील, असा त्यांचा स्वभाव.

हरिता रडली नाही, मला काय माहीत असंही म्हणाली नाही. आत जाऊन बादली आणली, पाणी ओतलं आणि खराट्याने सगळा कोलम स्वतःच गटारापर्यंत लोटला. मग ती नित्याकडे वळली.

"तुला माहीत होतं?"

नित्याने होकाराची मान हलवली.

"मग बोलली का नाहीस?"

नित्या वाडग्यात बघत राहिली. उत्तर बाईंनीच दिलं. "टीचरला तू चुकलीस म्हणून कोण सांगेल गं?"

त्या सहज बोलून गेल्या. हरिता नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता, तरी बाईंना आपलंच वाक्य दिवसभर ऐकू येत राहिलं. अडतीस वर्षांत एकाही मुलीने त्यांची चूक काढली नव्हती. त्याचा त्यांना अभिमान होता.

श्राद्ध यथासांग झालं. तीनला ब्राह्मण गेले. वरुणराव बाहेर ओट्यावर टेकले, आणि हरिताने नित्याला हाक मारून पुन्हा ठिपके मांडायला घेतले. सातव्या ओळीत तिची रेघ भलत्या बाजूने वळली. मुद्दाम की खरंच, हे बाईंनी तिला कधी विचारलं नाही. नित्याचं बोट पुढे आलं. हरिताने तिचं मनगट धरलं.

"हाताने नाही. तोंडाने."

समोरच्या दारातल्या दोघी बोलायच्या थांबल्या. हरिता उकिडवी बसून राहिली, पायांना मुंग्या आल्या असतील तरी हलली नाही.

"तप्पु, टीचर," नित्या म्हणाली. चूक. आणि मग एका दमात, अर्धं तमिळ अर्धं मराठी, "डावीकडून यायचं होतं. कालही चुकलेलं. परवाही. मी सांगितलं नाही."

वरुणराव वळून म्हणाले, "वैनी, पोर टीचरला चूक म्हणते."

"म्हणू दे," बाई म्हणाल्या.

हरिता रेघ पुसत हसत होती. अजून सांग, म्हणत होती.

जानेवारीअखेर ती गेली. आता मॉरिशसमध्ये शिकवते. दर नव्या वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर एक चूक करते आणि कुणी बोलेपर्यंत खडू खाली ठेवून थांबते, असं तिने कळवलं होतं. वरुणराव कोविडच्या वर्षी वारले. नित्या गेल्या वर्षी तिरुच्चीला नोकरीला लागली. दुसऱ्यांनी काढलेले पुलांचे आराखडे तपासते, आणि साहेब लोक तिला वचकून असतात, असं तिची आई सांगते.

राजलक्ष्मीबाई ब्याऐंशीच्या झाल्या. हल्ली पहाटे जाग आली की त्यांना १९७९ सालची एक दुपार आठवते. फळ्यावर गणित सोडवताना त्या हातचा एक विसरल्या होत्या. घरी आल्यावर ते लक्षात आलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढचा धडा घेतला. वर्गात बेचाळीस मुली होत्या. बेचाळीस जणींनी ते गणित जसंच्या तसं, मोत्यासारख्या अक्षरात उतरवून घेतलं होतं.